तळ्याचा इतिहास हा इतिहास नसतो का?

पत्र थोडक्यात

वाचक मैत्रीण ३३ वर्षांची आहे. माहेर शिरोळ तालुक्यात नदीकाठी, सासर कोल्हापूर शहरात. एमए इतिहास, सेट (प्राध्यापकपदाची राज्याची पात्रता परीक्षा) पास, सहा वर्षं सीएचबीवर, म्हणजे तासांवर मानधन घेऊन, कॉलेजात शिकवतेय. नवरा नोकरीत, मुलगी पाच वर्षांची. २०१९ च्या पुरात माहेरचं घर आठ दिवस पाण्यात होतं. तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच विषय आहे, कोल्हापूरची तळी, नदी आणि पूर यांचा इतिहास. ज्यांच्याकडे पीएचडीला जागा आहे ते गाईड म्हणाले, "हा भूगोलाचा विषय, आरआरसीत (विषय मंजूर करणाऱ्या विद्यापीठाच्या समितीत) उडवतील, तू शाहू महाराजांचं शैक्षणिक कार्य घे, तीन वर्षांत मोकळी होशील." सासरे म्हणतात पर्मनंट जागा निघाली तर ती मिळवायला द्यायच्या पैशासाठी गावाकडचा अर्धा एकर विकू. मावसभाऊ म्हणतो असले विषय फॉरेनलाच चालतात, तिकडे अप्लाय कर. आई म्हणते बीएड कर आणि शाळेत लाग. ती विचारते, "ताई, गाईडचा विषय घेऊ की माझा? पर्यावरण आणि शहरांच्या इतिहासाची प्रोफेसर म्हणून आपल्याकडे करिअर होतं तरी का? की माझं वयच गेलंय? मला एकेरीच बोला."

उत्तर

बरं, एकेरीच बोलते. तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की तू एकाच वाक्यात दोन वेगळे प्रश्न बांधून टाकलेत, विषय कुठला घ्यायचा हा एक आणि पर्मनंट नोकरी कशी लागेल हा दुसरा, आणि तुझ्या आजूबाजूचे सगळे पहिल्याचं उत्तर दुसऱ्यासाठी देतायत. सेफ विषय घे म्हणजे नोकरी लागेल. पण सहा वर्षं तू स्टाफरूममध्ये बसतेयस, तूच आठव, कुणाला जागा मिळाली आणि कुणाची हुकली त्यात थेसिसचा विषय कितीदा आडवा आला? जागा अडते ती वर्कलोडवर (विषयाला तास किती), रोस्टरवर (आरक्षणाचा क्रम), भरतीला परवानगी मिळते की नाही त्यावर. जाहिरातीत "इतिहास" एवढंच लिहिलेलं असतं. तळ्यावर केलेली पीएचडी पण इतिहासातलीच आणि शाळांवर केलेली पण इतिहासातलीच, पगार दोघींना सारखाच. म्हणजे नको असलेला विषय घेऊन तू नोकरीची जी किंमत भरणार आहेस ती किंमत कुणी मागितलेलीच नाहीये.

हे मी अगदी कळकळीने सांगतेय कारण मी ती भरलीय. मी सत्तावीस वर्षं इतिहास शिकवला. माझ्या शहरातल्या जुन्या विहिरी आणि आड यांच्यावर मला काम करायचं होतं, गाईडनी एका संस्थानाच्या कारभारावर विषय दिला, मी घेतला, सात वर्षं लागली. तीन वर्षांत मोकळी होशील असं मलाही सांगितलं होतं, पण ज्या विषयात जीव नसतो तो तीन वर्षांत संपत नाही, रविवारी कपाट उघडून कागद काढायची इच्छाच होत नाही ना. थेसिस बांधून घेतला तो दिवस सोडला तर मी तो पुन्हा उघडला नाही, आणि ज्या माणसांना त्या आडांची नावं पाठ होती ती मधल्या काळात गेली. त्याचं दुःख मला आजही आहे.

आता "हा भूगोलाचा विषय" याबद्दल. गाईडवर रागवू नकोस, ते ज्या काळात शिकले तेव्हा इतिहास म्हणजे राजकारण, फार तर सामाजिक सुधारणा. पण जरा मागे जा. गोविंद नारायण माडगावकरांनी १८६३ मध्ये मुंबईचं वर्णन मराठीत लिहिलं, त्यात तळी आहेत, विहिरी आहेत, रस्ते आहेत, आणि पाच वर्षांनी १८६८ मध्ये ना. वि. जोशींनी पुणे शहराचं वर्णन लिहिलं. म्हणजे शहराकडे बघून इतिहास लिहायची सवय मराठीला दीडशे वर्षांहून जुनी आहे, मधेच कुठेतरी आपण ती विद्यापीठाच्या बाहेर ठेवली. आणि भारतात पर्यावरणाचा इतिहास हा विषय ज्यांनी उभा केला त्यातले कितीतरी लोक इतिहास विभागातले नव्हतेच. माधव गाडगीळ जीवशास्त्रातले, रामचंद्र गुहांची पीएचडी समाजशास्त्रातली आणि तीही आयआयएम कलकत्त्याची, दोघांनी मिळून १९९२ मध्ये भारताच्या पर्यावरणाचा इतिहास लिहिला तो आज इतिहासाच्या अभ्यासक्रमात असतो. बंगळुरूच्या तळ्यांवर हरिणी नागेंद्रांनी काम केलंय, त्या मुळात इकॉलॉजीच्या. तिथलं मॅजेस्टिकचं बसस्टँड धर्मांबुधी तळ्याच्या जागी आहे आणि कंठीरव स्टेडियम संपंगी तळ्याच्या जागी, हे वाचलं की कोल्हापूरच्या माणसाला लगेच आपलं वरुणतीर्थ आठवणार, जिथे आज गांधी मैदान आहे आणि मोठा पाऊस झाला की ते मैदान पुन्हा तळं होतं. आणि कपिलतीर्थावर, म्हणजे आजच्या मंडईत, आपण भाजी घेतो! या नावांमधून रोज जाणाऱ्या किती जणांना "तीर्थ" म्हणजे इथे पाणी होतं हे जाणवतं?

हा प्रश्न इतिहासाचाच आहे. पाणी कधी बुजवलं, कुणी ठरवलं, ठरावात कारण काय लिहिलं, डास आणि रोगराई म्हणून की जागा हवी म्हणून, तिथं धुणंभांडी करणाऱ्या, म्हशी धुणाऱ्या लोकांना कुठे पाठवलं, पावसाचं पाणी आधी कुठून कुठे जायचं. भूगोलवाला तुला उतार सांगेल, पण १९३० चा माणूस त्या उताराकडे बघून काय म्हणाला हे सांगायला कागद वाचणारा लागतो.

पण गाईडचं एक म्हणणं मात्र मला पटतं, ते तू रागात बाजूला टाकलंयस. "कोल्हापूरची तळी, नदी आणि पूर" हा पीएचडीचा विषय नाहीये, हा तुझ्या पुढच्या तीस वर्षांचा विषय आहे. आरआरसीत असला विषय खरंच उडतो, आणि त्यात समितीची चूक नसते. त्याला छोटं कर. उदाहरणार्थ कोल्हापूर नगरपालिका १८५४ ला झाली, संस्थान १९४९ ला विलीन झालं. या ९५ वर्षांत शहरातल्या दोन किंवा तीन तळ्यांचं काय झालं, एवढंच. शीर्षकात "नगरपालिका", "सार्वजनिक आरोग्य", "पाणीपुरवठा" हे शब्द आले की समितीतल्या कुणालाही तो इतिहास वाटतो, आणि तो आहेच. यात काही लपवाछपवी नाही. प्लेगनंतर मुंबईत १८९८ ला सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट झाला त्यावर जगभर इतिहासाचे लोक काम करतात, रोग, पाणी, जमीन आणि सत्ता हे सगळं त्यात एकत्र आहे, तूही तेच तुझ्या गावात करतेयस आणि तुझ्याकडे संस्थान आहे, इंग्रजांचा जिल्हा नाही, म्हणजे कागदही वेगळे आणि निर्णय घेणारेही वेगळे. शाहू महाराजांचं म्हणशील तर ते तुझ्या विषयातून कुठे जात नाहीत. राधानगरीचं धरण त्यांनीच सुरू केलं, शाहूपुरीची गुळाची पेठ त्यांनीच वसवली. ऊस, गूळ, धरणाचं पाणी आणि शहर हे एकाच दोरीत ओवलेलं आहे. गाईडना हे सांगून बघ, मला वाटतं निम्मं भांडण तिथेच मिटेल.

नाही मिटलं तर? २०२२ च्या युजीसीच्या पीएचडी नियमांत को-गाईड घ्यायची सोय आहे, दुसऱ्या विभागातला किंवा दुसऱ्या संस्थेतला सुद्धा. म्हणजे मुख्य गाईड इतिहासाचे आणि को-गाईड भूगोलाचे किंवा पर्यावरणशास्त्राचे. हा मार्ग लेखी विचार, तोंडी नको. आणि एवढं करूनही ते म्हणाले की माझाच विषय घे, तर माझं मत स्पष्ट आहे, एक वर्ष थांब आणि दुसरे गाईड शोध. गाईड निवडताना त्यांचं नाव किती मोठं यापेक्षा त्यांच्या शेवटच्या चार विद्यार्थ्यांना फोन कर, चॅप्टर दिला की किती दिवसांत वाचून परत मिळतो एवढं विचार, दोन महिन्यांच्या आत म्हणाले तर त्या माणसाकडे जा.

आता वय. तू लिहिलंयस "जेआरएफचं वय तर कधीच गेलं", म्हणजे नेट या देशपातळीच्या परीक्षेतून मिळणाऱ्या संशोधन फेलोशिपचं. नाही गं गेलं! वयाची अट ३० ची आहे पण महिलांना पाच वर्षांची सूट आहे, म्हणजे ३५ पर्यंत. तुझ्याकडे सेट आहे, पण सेटमधून फेलोशिप मिळत नाही आणि ती महाराष्ट्र-गोव्यापुरतीच चालते, त्यामुळे नेट पुन्हा दे, वर्षातून दोनदा होते, तुझ्या हातात अजून तीन-चार संधी आहेत. जेआरएफ लागली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि नंतर ४२,०००, घरभाडं वेगळं. त्या काळात दुसरीकडून पगार घेता येत नाही, म्हणजे सीएचबी सोडावी लागेल, पण सहा-सहा महिने बिल न निघणाऱ्या सीएचबीपेक्षा हे कितीतरी बरं हे तुला मी काय सांगणार. तू ज्या प्रवर्गात बसतेस त्याप्रमाणे बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्याही फेलोशिप असतात, त्यांच्या जाहिरातींवर डोळा ठेव. आणि पीएचडीची मुदत सहा वर्षं असते, पुनर्नोंदणी करून दोन वाढतात, महिलांना त्यावर आणखी दोन, म्हणजे जास्तीत जास्त दहा. पाच वर्षांची मुलगी घरात असताना ही गोष्ट माहीत असलेली बरी, म्हणजे रात्री झोपताना छातीत धडधड होत नाही. दहा वर्षं घे असं मात्र मी म्हणत नाहीये.

मावसभावाचं म्हणणं अर्धं खरं आहे. तिकडे हा विषय रुजलेला आहे, अमेरिकेत पर्यावरण इतिहासाची संघटना १९७७ पासून आहे, इंग्लंडमध्ये लेस्टरला शहरांच्या इतिहासाचं स्वतंत्र केंद्र आहे. पण तिकडची वाट सरळ असते असं समजू नकोस. विल्यम क्रोनन हे या विषयातलं फार मोठं नाव. त्यांचं पहिलं पुस्तक १९८३ ला आलं, त्याची सुरुवात विद्यार्थी असताना लिहिलेल्या एका सेमिनार पेपरातून झाली, आणि येलची पीएचडी पूर्ण झाली १९९० ला. सात वर्षं आधी पुस्तक! त्यांचा पुढचा मोठा ग्रंथ १९९१ चा, शिकागोवरचा, त्यात शहराभोवतीच्या मुलखातून धान्य, लाकूड आणि मांस शहरात कसं ओढलं गेलं आणि त्याने शहर आणि मुलूख दोन्ही कसे बदलले हे आहे, आणि सुरुवातीलाच लहानपणी गाडीतून शिकागोवरून जाताना जे दिसायचं त्याची आठवण आहे. माहेरच्या पुरावरून विषय सुचला हे तू पत्रात जरा लाजून लिहिलंयस, "फार पर्सनल आहे" असं. लाजू नकोस. अशाच आठवणीतून चांगली कामं निघतात, फक्त आठवणीवर थांबायचं नसतं, तिथून कागदांपर्यंत चालत जायचं असतं.

तिकडे जायचं असेल तर दोन गोष्टी बघ. पैसे भरून करायची पीएचडी घेऊ नकोस, फंडिंग नसेल तर अ‍ॅडमिशन आली तरी नाही म्हण. आणि तिथल्या पक्क्या नोकऱ्याही इतिहासात फार थोड्या आहेत, तिकडे गेलं की सुटलो असं नसतं. तुझं मूल, तुझे कागद, तुझी माणसं सगळी कोल्हापुरात आहेत, मला तरी वाटतं आधी इथे काम उभं कर आणि मग सहा महिन्यांच्या, वर्षाच्या फेलोशिपवर बाहेर जा. म्युनिकला रेचेल कार्सन सेंटर आहे, पर्यावरणाच्या अशाच अभ्यासासाठीचं. तिथे कोल्हापूरचे मोडी कागद वाचलेली बाई गेली तर तिच्याकडे सांगायला काहीतरी असतं.

इथलं करिअर होतं का, या प्रश्नाचं उत्तर तुला खरं हवंय ना. अनुदानित कॉलेजात "पर्यावरण इतिहासाची प्रोफेसर" अशी जागा तुला दिसणार नाही. तू इतिहासाची असिस्टंट प्रोफेसर होशील, लागलीस तर सातव्या आयोगाप्रमाणे ५७,७०० मूळ पगारावर, मराठ्यांचा इतिहास आणि आधुनिक जग शिकवशील, आणि तुझा विषय तू त्यात घुसवशील. भारतभर अनेक खाजगी विद्यापीठांत आता पर्यावरण अभ्यासाचे विभाग आहेत, बंगळुरूला अझीम प्रेमजी विद्यापीठ आहे, तिथे इंग्रजीतून शिकवणं आणि इंग्रजीतले पेपर बघतात, तिथला विचार असेल तर वर्षातून एक तरी लेख चांगल्या इंग्रजी जर्नलला पाठवायची सवय आत्ताच लाव. पैसे घेऊन आठ दिवसांत पेपर छापणाऱ्या जर्नलांकडे जाऊ नकोस, ते नाव सीव्हीवर राहतं आणि नंतर पुसता येत नाही. आणि मराठीत लिहायचं सोडू नकोस, तुझा वाचक इथे आहे.

अर्ध्या एकराबद्दल मी फार लिहिणार नाही. विकू देऊ नकोस. सासऱ्यांची माया मी समजू शकते, असे सासरे मिळायला भाग्य लागतं, पण त्या पैशाला पावती नसते, तो व्यवहार बेकायदेशीर आहे, आणि उद्या जागाच रद्द झाली तर जमीनही गेली आणि नोकरीही. असली घरं मी पाहिलीत. सासऱ्यांना तूच सांग, "बाबा, जमीन राहू द्या, त्यापेक्षा मला शनिवारी पुरालेखागारात जायचंय, तेवढा वेळ नातीला सांभाळा." त्यांना काहीतरी करायचंय तुझ्यासाठी, तर हे करू देत.

बीएडला मी नावं ठेवणार नाही. शाळेत शिकवणं हलकं काम नाही आणि कितीतरी चांगली स्थानिक इतिहासाची कामं शाळेतल्या शिक्षकांनी केलीत. पण आईच्या भीतीपोटी करू नकोस, तारीख ठरवून कर. कॅलेंडरवर एक दिवस लिही, तुझा ३६ वा वाढदिवस समज. तोपर्यंत जेआरएफ किंवा दुसरी फेलोशिप लागली नाही आणि पर्मनंटची काहीच हालचाल नसेल, तर पोटापाण्यासाठी दुसरी नोकरी घ्यायची आणि पीएचडी पार्ट टाईम चालू ठेवायची, त्याचीही नियमात सोय आहे, नोकरीच्या ठिकाणची एनओसी लागते. नवऱ्याला ही तारीख आज सांग. घरातल्यांचा धीर सुटतो तो हे किती दिवस चालणार हे कुणीच सांगत नाही म्हणून, एकदा तारीख कळली की माणसं थांबतात.

आणि रजिस्ट्रेशन व्हायची वाट बघत बसू नकोस. मोडीचा वर्ग तू केलायस, हे सोनं आहे, इतिहासात एमए केलेल्या किती जणांना आज मोडी वाचता येते? कोल्हापूरचं पुरालेखागार तुझ्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर आहे. आधी १८८६ चं कोल्हापूरचं गॅझेटियर वाच, ऑनलाईन फुकट मिळतं, त्यात तळ्यांचा आणि पाण्याचा जेवढा उल्लेख आहे तेवढा वहीत उतरव, मग ती नावं घेऊन पुरालेखागारात यादी माग. महापालिकेत जुनी ठरावबुकं असतील, नाही म्हणाले तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाक, सिटी सर्व्हेचे जुने नकाशे भूमी अभिलेखकडे माग. कागदाचा फोटो काढताना फाईलचा नंबर आधी फोटोत घे, ही चूक प्रत्येक जण पहिल्या वर्षी करतो आणि दोन वर्षांनी रडतो. आणि गांधी मैदानाच्या आसपास ऐंशीच्या पुढची जी माणसं राहतात त्यांच्याशी आत्ता बोल, या सुट्टीतच, फोनवर रेकॉर्ड करून, त्यांची परवानगी घेऊन. कागद अजून पन्नास वर्षं थांबतील.

पत्राच्या शेवटी तू सहज लिहिलंयस की माहेरी भिंतीवर २००५ ची, २०१९ ची आणि २०२१ ची पाण्याची रेघ दिसते आणि बाबा यंदा दिवाळीला घर रंगवणार आहेत. त्यांना फोन करून चार दिवस थांबायला सांग. फूटपट्टी भिंतीला लावून तिन्ही रेघांचे फोटो काढ, जोत्यापासून उंची मोजून घे, बाबांना शेजारी उभं करून कुठली रेघ कुठल्या दिवशीची ते त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड कर, मग रंगवू देत.